पहिली मोहिनी

भारतीय चित्रपटाच्या इतिहासग्रंथांतून कमलाबाई गोखले यांचे नाव बहुधा एकाच वाक्यात येते आणि त्याच वाक्यात संपते: दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या १९१३ सालच्या मूकपटात मोहिनीचे काम करणारी मुलगी, आणि म्हणून, त्याच चित्रपटात पार्वती झालेल्या आपल्या आईसह, आपल्याकडील पडद्यावरची पहिली अभिनेत्री. वाक्य खरे आहे. परंतु ते वाचणाऱ्याचा असा ग्रह होतो की, चित्रपट नावाचे नवे यंत्र आले, त्याने कोठल्याशा अज्ञात घरातून एक बालिका उचलून उजेडात आणली आणि तेथून स्त्रीच्या अभिनयाला प्रारंभ झाला. वस्तुस्थिती याच्या उलट होती. फाळक्यांना जी मुलगी मिळाली ती चौथ्या-पाचव्या वर्षापासून नाटक मंडळीच्या मुक्कामांवर वाढलेली, पाठांतर, गाणे आणि रंगमंचावरचा वावर अंगी मुरलेली, म्हणजे वयाने लहान असली तरी पेशाने नटीच होती. आणि तिला त्या पेशात आणून सोडणारी गोष्ट कलेची हौस नव्हती किंवा सुधारणेचा अभिमानही नव्हता, तर एका परित्यक्त आईला रोज पडणारी दोन वेळच्या अन्नाची भ्रांत होती. म्हणून हा वृत्तांत फाळक्यांच्या नाशिकच्या कारखान्यापासून न सांगता दुर्गाबाई कामत यांच्या मोडलेल्या संसारापासून सांगितला पाहिजे.

दुर्गाबाई ब्राह्मण कुटुंबातल्या. त्यांचे पती आनंद नानोसकर यांचा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी संबंध होता, अशी नोंद आढळते. म्हणजे घर अगदीच अशिक्षितांचे म्हणता येणार नाही. कमलेचा जन्म १९०० सालचा. पुढे तीन वर्षांनी, १९०३ साली, पतिपत्नींचा संबंध तुटला आणि दुर्गाबाई लहानग्या मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या. हे वेगळे होणे आजच्या अर्थाने घटस्फोट नव्हे. हिंदू स्त्रीला कायद्याने विवाहविच्छेद मागण्याची देशव्यापी सोय पुढे अर्धशतक उलटून गेल्यावर, १९५५ च्या कायद्याने झाली. त्या काळी सासरचा उंबरठा ओलांडून बाहेर पडलेल्या बाईला धर्मशास्त्रात स्थान नव्हते आणि दिवाणी कोर्टाच्या दप्तरातही नव्हते. विधवेच्या दुःखाची जाणीव निदान सुधारकांना झालेली होती: पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली सुरू झाले होते, अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम हिंगण्याच्या माळावर उभा राहत होता. परंतु जिचा नवरा जिवंत आहे आणि तरीही जिला नवरा नाही, अशा स्त्रीचा प्रश्न या सहानुभूतीच्या चौकटीतही नीट बसत नव्हता. तिने कोणाच्या घरी स्वयंपाकपाणी करून पोट भरावे, माहेरच्या माणसांच्या उपकारावर दिवस काढावे, नाहीतर ज्या मार्गाचे नावही घरात उच्चारले जात नसे त्या मार्गाला लागावे, एवढेच काय ते तिच्यापुढे मोकळे होते.

दुर्गाबाईंनी यांपैकी एकही वाट न धरता फिरत्या नाटक मंडळीत पगारी काम पत्करले. आज हे वाक्य लिहिताना लेखणी अडत नाही, परंतु त्या काळी या एका निर्णयाने त्यांचे सारे सोयरेधायरे तुटले. जातीने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्या धैर्याची जी तारीफ पुढे चित्रपटाच्या निमित्ताने झाली ती माझ्या मते चुकीच्या स्थळी झाली. कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास धैर्य लागले असेलच. परंतु दहा वर्षे आधी, पाठीशी कोणी नसताना, कडेवरचे मूल घेऊन नाटक मंडळीच्या बिऱ्हाडाची पायरी चढण्यास जे धैर्य लागले असेल त्याच्याशी त्याची तुलना होणार नाही. पाऊल खरे पडले ते येथे.

त्या पायरीचे स्वरूप काय होते हे समजल्याखेरीज तिची उंची ध्यानात यावयाची नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासून मराठी रंगभूमीवरील सीता, द्रौपदी आणि दमयंती या पुरुषच होत्या. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले, तरी शकुंतलेच्या लुगड्याआड मुलगाच राहिला. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने ती परंपरा इतकी वर चढवली आणि १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, तिला इतके रूप दिले की, स्त्रीपात्र करण्यास स्त्री हवी असे म्हणणे हीच एक रसिकताशून्य तक्रार वाटू लागली. कुलीन घरातील स्त्रियांनी बालगंधर्वांचे शालू, अंबाडे आणि नाकातली नथ पाहून आपली वेशभूषा ठरवावी, आणि त्याच घरातील एखादीने रंगमंचावर पाऊल टाकण्याचा विचारही केल्यास तिचे नाव घरातून पुसून टाकावे, अशी त्या समाजाची रीत होती. स्त्रिया रंगभूमीवर मुळीच नव्हत्या असे मात्र नाही. कलावंतिणींच्या घराण्यांतील स्त्रियांनी चालवलेल्या स्वतंत्र स्त्री-नाटक मंडळ्या होत्या; त्यांत पुरुषपात्रेही स्त्रियाच करीत. पण त्या मंडळ्यांना प्रतिष्ठित मंडळींच्या पंक्तीत पाट मिळत नसे. कुलीन म्हणवणाऱ्या जातीतील बाईने या व्यवसायात येणे म्हणजे समाजाने मोठ्या कष्टाने राखलेली एक सीमारेषा पुसून टाकणे होते, आणि दुर्गाबाईंवरील रोष हा त्या रेषेचा रोष होता.

कमलेचे बालपण या फिरस्तीत गेले. शाळेचा प्रश्नच नव्हता. मंडळी आज एका गावी तर पुढल्या पंधरवड्यात दुसऱ्या, आणि मुलीला जे अक्षरज्ञान झाले ते आईच्या हाताखाली, बिऱ्हाडातच. परंतु नाटक मंडळी ही स्वतःच एक पाठशाळा होती, आणि ती भल्याभल्यांना झेपत नसे. गावात मंडळी उतरली की सामानाच्या पेट्या, गुंडाळलेले पडदे आणि कपड्यांच्या ट्रंका नाटकगृहात रचावयाच्या. मालकाने जागेचा ठराव, दिवाबत्ती आणि जाहिरातीची हँडबिले यांची तजवीज करावयाची. दुपारी तालमी, संध्याकाळी पेटी-तबल्याची जुळवाजुळव. रंगपटात खोबरेल तेलाचे बोट चेहऱ्यावर फिरवून त्यावर सफेद्याचा लेप, गालांवर आणि ओठांवर तांबडा रंग, भुवयांना काजळ, आणि मग गॅसबत्तीच्या पांढऱ्या झोतात तो सारा मुखवटा प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही याची जुन्या नटाकडून पारख. नांदी झाली, पडदा वर गेला की, रात्र किती चढली याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. एकेका पदाला 'वन्स मोअर' पडत गेले की नाटक पहाटेपर्यंत चाले. अशा रात्री विंगेत बसून जागवलेल्या मुलीला दुसऱ्याचे भाषणही तोंडपाठ झाले नाही तरच नवल. बालवयात जे कानावर पडते ते उतारवयापर्यंत टिकते याचा प्रत्यय कमलाबाईंनी पुढे फार उशिरा, नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना, सर्वांना दिला.

आता फाळक्यांकडे वळले पाहिजे. धुंडिराज गोविंद फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. छायाचित्रण, मुद्रण, जादूचे खेळ असे नाना उद्योग करून थकलेले असताना गिरगावातील एका चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला, आणि आपल्या राम-कृष्णांना असे चालतेबोलते करावे या ध्यासाने ते झपाटले. विम्याचा कागद तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले, १९१२ च्या आरंभी विलायतेस जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणले, आणि दादरच्या घरात संसार व कारखाना एकाच छपराखाली मांडला. सरस्वतीबाई फाळके दिवसा मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडांना भोके पाडीत. या बाईंचे नावही चित्रपटाच्या पहिल्या पानावर असावयास हवे होते, असे मला फार वाटते.

'राजा हरिश्चंद्र' निघाला तो या संसारातून. पण हरिश्चंद्राची राणी तारामती कोठून आणावयाची? फाळक्यांनी वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या, नाटकवाल्यांकडे विचारणा केली, नायकिणींच्या वस्तीतही स्वतः जाऊन पाहिले; आणि ज्या स्त्रियांना समाजाने सर्व अप्रतिष्ठेचे मानकरी ठरवले होते त्यांनीही या नव्या, अनोळखी यंत्रासमोर उभे राहण्यास नकार दिला. याचा अर्थ नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. नाचगाण्याला निदान बैठकीची मर्यादा असे. पाहणारे कोण हे ठाऊक असे. येथे आपले रूप एका पट्टीवर उतरून गावोगाव हिंडणार, ते कोण पाहील आणि किती वर्षे पाहील यावर आपला काही इलाज चालणार नाही, ही भीती निव्वळ अज्ञानाची म्हणता येत नाही. अखेरीस ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके यांचा नाजूक बांधा आणि लांब बोटे फाळक्यांच्या नजरेत भरली. दहा रुपयांच्या जागी पंधरा रुपये दरमहा ठरवून त्यांनी तारामती घरी आणली. इतर स्त्रीपात्रांसाठी आणलेल्या तरुणांनी तर मिशी उतरवण्यास हरकत घेतली, कारण मिशी जाणे हे बाप वारल्याचे चिन्ह. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' सर्वांसाठी खुला झाला, आणि मुंबईच्या प्रेक्षकांनी स्वयंपाक्याची तारामती डोळे भरून पाहिली.

त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशकास हलवला आणि दुसरे पौराणिक कथानक हाती घेतले. कथा सर्वांना पाठ असलेली: ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म होईल असा वर शंकराकडून मिळवून उन्मत्त झालेला भस्मासुर, त्याला आवरण्यासाठी मोहिनीचे रूप घेऊन आलेला विष्णू, तिच्या नृत्याचे अनुकरण करता करता असुराने स्वतःच्याच डोक्यावर ठेवलेला हात. या चित्रपटात पार्वतीचे काम दुर्गाबाईंनी केले आणि मोहिनीचे कमलेने. वय तेरा. ज्या कामासाठी आधीच्या चित्रपटात वर्तमानपत्रांतून आर्जवे करूनही कोणी मिळाले नव्हते, त्यासाठी आता एकदम मायलेकी मिळाल्या, आणि त्या मिळाल्या याचे कारण फाळक्यांचे भाग्य एवढेच नव्हते. ज्यांनी बहिष्काराची किंमत दहा वर्षांपूर्वीच मोजून टाकली होती त्यांच्यापाशी गमावण्यासारखे असे समाजात काही उरलेच नव्हते.

या योगायोगात एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मराठी रंगभूमीवर सत्तर वर्षे पुरुष स्त्री होत आला होता. आणि मोहिनी कोण? स्त्रीचे रूप घेतलेला देव, म्हणजे पुरुषच. भूमिकांच्या साऱ्या भांडारात साळुंक्यांसारख्या नटाला शोभेल अशी याहून योग्य भूमिका मिळाली नसती. कथेनेच त्याला मुभा दिली होती. ती भूमिका नेमकी एका मुलीकडे आली. फाळक्यांनी असा विचार करून निवड केली असेल असे मी म्हणत नाही. नृत्य, लावण्य आणि चपळाई या कामाला हवी होती आणि ती या मुलीपाशी होती. परंतु ज्या क्षणी मोहिनीचे पाऊल पडद्यावर पडले त्या क्षणी पुरुषाने स्त्री होण्याच्या जुन्या संकेताला पहिला धक्का बसला, आणि तो बसला पुराणातल्या अशा एकमेव नर्तकीच्या रूपाने, जिचे स्त्रीत्व हेच मुळी सोंग होते.

रंगभूमीवर वाढलेल्या मुलीला हे काम किती निराळे वाटले असेल याची कल्पना त्या काळच्या चित्रीकरणाच्या पद्धतीवरून करता येते. येथे रात्र नव्हती, गॅसबत्ती नव्हती, विंगेतील पेटी नव्हती. सारे काम उघड्या उन्हात, कारण त्या वेळच्या फिल्मला सूर्यप्रकाशाखेरीज चित्र उमटत नसे आणि ढग आला की काम थांबे. तांबडा रंग त्या फिल्मवर काळा उमटे, म्हणून रंगपटातील ओठा-गालांची लाली येथे घात करी. ज्या गळ्यावर नटीची किंमत ठरत असे तो गळा येथे निरुपयोगी, कारण शब्द ऐकूच यावयाचे नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यासाठी मोठे केलेले हावभाव कॅमेऱ्याच्या डोळ्याला अतिरिक्त दिसत, आणि समोर प्रेक्षक नसल्यामुळे दाद कोठून यावयाची? दाद असे ती एका मनुष्याची: मागे उभे राहून हातवारे करीत प्रत्येक हालचाल सांगणाऱ्या फाळक्यांची. रंगभूमीवर नट प्रेक्षकांचा कल पाहून आपले काम वाढवतो-आटोपतो. येथे सारे स्वामित्व हँडल फिरवणाऱ्याकडे गेले होते. चित्रपट पूर्ण झाला, 'पिठाचे पंजे' नावाच्या एका लहानशा विनोदी चित्राच्या जोडीने लोकांपुढे आला, आणि मायलेकी पुन्हा आपल्या मंडळीच्या मुक्कामावर परतल्या.

एकदा वाट मोकळी झाली म्हणजे मागून येणाऱ्यांची रीघ लागावी अशी आपली अपेक्षा असते. तसे काही घडले नाही. १९१७ साली फाळक्यांचा 'लंकादहन' आला तेव्हा सीता पुन्हा अण्णा साळुंकेच होते, आणि त्याच चित्रपटात रामही तेच. 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची स्वतःची लहान मुलगी मंदाकिनी. म्हणजे १९१३ ची घटना हा एक मुहूर्त होता, परंपरा नव्हती. परंपरा सुरू होण्यास आणखी सात वर्षे जावी लागली. १९२० साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' काढला, त्यात गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या दोन स्त्रियांनी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी कामे केली, आणि त्यांनाही त्यांच्या समाजाने वाळीत टाकले. नावे बदलूनही सुटका झाली नाही! त्याच सुमारास कलकत्त्याच्या मादन कंपनीत पेशन्स कूपर यांचा उदय झाला आणि पुढल्या दहा वर्षांत मूकपटांच्या नायिका मुख्यत्वे अँग्लो-इंडियन आणि ज्यू घरांतून आल्या: रूबी मायर्स ही सुलोचना झाली, रेनी स्मिथ ही सीतादेवी झाली. त्यांच्या समाजाचे निर्बंध निराळे होते, आणि मूकपटाला मराठी वा हिंदी उच्चारांची गरज नव्हती. हिंदू घरातील बाई मात्र बहुतांशी पडद्यापासून दूरच राहिली.

कमलाबाईंच्या आयुष्यात त्या चित्रपटापेक्षा फार मोठी असलेली गोष्ट चित्तरंजनाची नव्हे तर संसाराची होती, आणि ती नाटक मंडळीतच घडली. रघुनाथराव गोखले हे किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करून आलेले गायक नट. तेथून निघून ते चित्ताकर्षक नाटक मंडळीत आले, आणि या मंडळीत नायिकेचे काम कमलेकडे आले. पंधराव्या वर्षाच्या सुमारास रघुनाथरावांशी तिचा विवाह झाला. ज्याने स्वतः अनेक वर्षे नायिका म्हणून वाहवा मिळवली होती त्या नटाने आपल्या पत्नीला नायिका म्हणून रंगमंचावर उभे करावे, ही त्या काळातील घटना चित्रपटातील पदार्पणाइतकीच, कदाचित तिच्याहून अधिक, क्रांतिकारक मानली पाहिजे. कारण चित्रपट एकदा होऊन गेला, आणि हा प्रयोग रोज रात्री, तिकीट काढून आलेल्या गावकऱ्यांसमोर, नव्याने सिद्ध करावा लागत होता. बालगंधर्वांनी १९१३ सालीच स्वतःची मंडळी काढली होती. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श जोरात होती. सारा महाराष्ट्र पुरुष-नायिकांच्या सुरांनी भारलेला होता. अशा वेळी खऱ्या बाईने बाईचे काम करावे, तिच्यासमोर तिच्या नवऱ्याने किंवा अन्य पुरुषाने नायक व्हावे, हे त्या दिवसांतील मंडळ्यांच्या रिवाजाविरुद्ध होते. पुढे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' नाटकाने नाट्यमन्वंतर घडले, ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक पुरुषांबरोबर रंगमंचावर आल्या, तेव्हा नव्या युगाची द्वाही फिरली. ती फिरवणारे सुशिक्षित होते, त्यांच्या मागे विचार होता, वर्तमानपत्रे होती. चित्ताकर्षक मंडळीच्या मागे यांपैकी काही नव्हते. मागे होते ते फक्त मंडळीचे कर्ज आणि पुढल्या मुक्कामाची चिंता. म्हणूनच बहुधा तिच्या कामाची पुरेशी नोंद आमच्या नाट्येतिहासाने ठेवली नाही, आणि ही मला त्या इतिहासातील मोठी उणीव वाटते.

हा संसार दहा वर्षे टिकला. कमलाबाई पंचविशीत असताना रघुनाथराव वारले. पदरी मुले आणि एक अद्याप पोटात. मालकाच्या किंवा प्रमुख नटाच्या निधनाने नाटक मंडळ्या कशा एका हंगामात विस्कटत याची उदाहरणे मराठी रंगभूमीच्या इतिहासात कितीतरी आहेत. दुर्गाबाई ज्या ठिकाणी १९०३ साली उभ्या होत्या जवळजवळ त्याच ठिकाणी त्यांची मुलगी आता येऊन ठेपली. फरक एवढाच की, हिच्या हातात कसब होते. ती मनोहर स्त्री संगीत मंडळीत गेली. या मंडळ्यांत पुरुषपात्रेही स्त्रियांनाच करावी लागत हे वर आलेच आहे. आईने नटी होऊन मुलीला वाढवले, मुलीने नटी राहून मुलांना वाढवले. विधवेने पांढरे लुगडे नेसून घराच्या कोपऱ्यात बसावे अशी समाजाची आज्ञा होती. या बाईला रात्री रंग लावून लोकांसमोर हसावे-गावे लागे, तेव्हा घरात चूल पेटे. हिच्यावर दोष ठेवण्यास जे पुढे आले त्यांनी तिच्या तीन मुलांची फी भरण्याची तयारी दाखवली असेल असे मला वाटत नाही.

ती मुले मात्र वाया गेली नाहीत. चंद्रकांत गोखले यांचा जन्म १९२१ साली मिरजेस झाला. बालवयातच ते रंगभूमीवर आले आणि पुढे मराठी नाटक व चित्रपट या दोहोंत आयुष्यभर काम करीत राहिले. लालजी गोखले आणि सूर्यकांत गोखले यांनी तबला हाती घेतला. लालजींना अहमदजान थिरकवाँसारख्या उस्तादांची तालीम मिळाली. थिरकवाँसाहेबांचे गंधर्व नाटक मंडळीशी असलेले नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना नाटक आणि संगीत ही दोन घरे त्या काळात एकाच अंगणाची होती हे निराळे सांगावयास नको. नाटकवाल्या बाईची मुले म्हणून त्यांना जे ऐकावे लागले असेल ते ऐकून घेऊनही तिघांपैकी एकानेही रंगभूमीचे किंवा मैफलीचे अंगण सोडले नाही.

१४ मार्च १९३१ रोजी 'आलमआरा' प्रदर्शित झाला आणि चित्रपट बोलू लागला. बोलपटाने कमलाबाईंना दुसऱ्यांदा बोलावले, आणि या वेळी ज्या गुणाची मूकपटाला गरज नव्हती त्याच गुणासाठी: स्वच्छ वाणी, पाठांतर आणि गळा. नाटक मंडळ्यांना मात्र त्याच बोलपटाने ओहोटी लागली. जी नाटकगृहे कधी महिनोन्‌महिने आगाऊ ठरत ती एकामागून एक चित्रपटगृहे झाली. गंधर्व नाटक मंडळीचा कारभार कर्जाच्या भाराखाली आटोपला आणि १९३५ साली खुद्द बालगंधर्वांनाही प्रभात चित्रपट कंपनीच्या 'धर्मात्मा' चित्रपटात काम करावे लागले. एका नाटकवाल्या विधवेने स्टुडिओत नोकरी पत्करणे यात मग आश्चर्य कसले? पुढल्या कित्येक वर्षांत तिने चरित्रभूमिका केल्या, आया, आज्या, सासवा झाली. सुमारे पस्तीस चित्रपटांत तिचे काम असल्याचे सांगितले जाते. नायिकेचे वय रंगभूमीवर खर्ची पडले होते, आणि पडद्याला तिचे म्हातारपण मिळाले. दरम्यान १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे, इंग्रजी शिकलेल्या, सधन घरातल्या. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या तारामतीसाठी फाळक्यांना उपाहारगृहातील स्वयंपाकी आणावा लागला, तीच भूमिका आता अशा घरातील स्त्रीने केली, आणि थोडी कुजबूज होऊन समाजाने ती स्वीकारली. ती वाट ज्यांच्या पायांनी रुळली त्यांच्या वाट्याला ही स्वीकृती फारशी आली नाही.

कमलाबाईंचे शेवटचे चित्रपटकाम १९८० सालच्या 'गहराई'तले. पुढे त्या पुण्यात राहत. १९९० च्या सुमारास रीना मोहन यांनी 'कमलाबाई' या नावाचा माहितीपट केला. म्हातारपणाने दृष्टी अधू झालेल्या, परंतु जिभेने कोठेही न अडखळणाऱ्या या बाईंनी त्यात आपली कहाणी सांगितली, जुन्या नाटकांतील भाषणे म्हणून दाखवली. 'मोहिनी भस्मासुर'ची संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. तेरा वर्षांच्या मोहिनीचे नृत्य कसे होते हे सांगण्यास आता पट्टी नाही आणि पाहणारेही नाहीत. त्यामुळे ज्या कामासाठी इतिहासाने तिची दखल घेतली त्याची साक्ष तिच्याच तोंडून घ्यावी लागते, आणि ती साक्ष देताना बाई फाळक्यांपेक्षा नाटक मंडळीच्या दिवसांतच अधिक रमतात.

१९९० च्या दशकात पुण्यात कमलाबाईंचे निधन झाले. तोपर्यंत त्यांचे नातू विक्रम गोखले हे मराठी रंगभूमीवर आणि हिंदी-मराठी चित्रपटांत नामांकित नट म्हणून स्थिरावले होते. चंद्रकांत गोखले अद्याप हयात होते आणि कामही करीत होते. दुर्गाबाईंनी पोटासाठी धरलेला पेशा चौथ्या पिढीत आला होता, आणि आता त्यासाठी कोणी कोणाला वाळीत टाकीत नव्हते.